फोटोतली कंबर टेपवर कुठून आणायची?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात तुमच्या रविवारच्या पुरवणीत साडीची एक पानभर जाहिरात आली होती. लाल-पांढऱ्या चौकड्यांची कुणबी साडी नेसलेली मॉडेल, मागे माड आणि खाली सणाची सूट. दुकानाचं नाव लिहीत नाही कारण माझं भांडण त्या एकट्या दुकानाशी नाही. मी ती जाहिरात जरा जास्तच निरखून बघितली कारण कपडा बघणं हाच माझा धंदा आहे, फोंड्यात माझं लेडीज टेलरिंगचं दुकान आहे आणि लग्न होऊन इथे आले तेव्हापासून मी ब्लाउज-ड्रेस शिवतेय. तर त्या साडीच्या चौकड्या खांद्यावरून छान सरळ खाली येतात आणि कमरेपाशी आल्यावर एकदम आत वळतात, आणि वळताना अरुंद पण होतात. तिच्या बाजूला जो माड आहे त्याचं खोड पण बरोब्बर त्याच उंचीवर थोडं वाकलंय.

आता साडी अंगावरून फिरते तेव्हा रेघ वाकडी दिसते हे खरं, पण तिथे चुणी पडते, सावली पडते, कपडा एकावर एक येतो. इथे चुणी नाही सावली नाही, सपाट कपड्यावरच्या चौकड्या नुसत्या दाबलेल्या. हातमागावर विणलेली चौकडी अशी होत नाही. आणि माड तर साडी नेसलेला नव्हता ना. म्हणजे कॉम्प्युटरवर त्या मुलीची कंबर आत ढकलली आणि ढकलताना मागचं झाड पण ओढलं गेलं. माझा भाचा पणजीला डिझायनिंगचं काम करतो, त्याला फोटो पाठवला तर तो म्हणाला हे नेहमीचंच आहे, फोटोशॉपमधे लिक्विफाय म्हणून टूल असतं, ब्रश फिरवायचा की फोटोचा तेवढा भाग पाहिजे तिकडे सरकतो, कंबर आत, छाती बाहेर, दंड बारीक, मान लांब. फोटोशॉप 1990 मधे आलं आणि हे टूल त्यात 2000 साली आलं, म्हणजे आज माझ्याकडे ब्लाउज शिवायला येणाऱ्या कॉलेजच्या मुली जन्मल्यापासून असेच फोटो बघतायत.

कुणबी साडीबद्दल मला जास्त वाईट वाटलं ते सांगते. ही साडी शेतात राबणाऱ्या बायकांची, गुडघ्याच्या खाली जेमतेम येणारी, खांद्यावर गाठ मारलेली, चिखलात काम करता यावं अशी नेसायची. ती जवळजवळ गेलीच होती, गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिग्स यांनी तिच्यावर मनापासून काम केलं म्हणून लोकांचं परत तिच्याकडे लक्ष गेलं. ज्या बायकांनी ही साडी पिढ्यान्‌पिढ्या वापरली त्यांचे दंड, त्यांच्या पाठी, त्यांच्या कमरा कामाने घडलेल्या होत्या. आणि आता तीच साडी विकायची तर जिवंत मॉडेलची सुद्धा कंबर चालत नाही, ती पण चार बोटं कापायला लागते.

तुम्ही म्हणाल एवढ्याशा गोष्टीवर एवढं मोठं पत्र कशाला. मी सांगते माझ्या दुकानात काय होतं ते.

पूर्वी बायका मापाचा ब्लाउज घेऊन यायच्या. हा मला बरोबर बसतो, असाच शिवा, गळा जरा मोठा करा, संपलं. आता मोबाईल पुढे करतात. मावशी हे बघा, सेम असंच पाहिजे. फोटोत कोणीतरी हिरॉइन नाहीतर इन्स्टावरची मुलगी असते आणि तिचा ब्लाउज असा बसलेला असतो की कुठेही एक सुरकुती नाही. ज्याला शिवणातलं कळतं त्याला माहीत आहे की हात खाली सोडला की मुंढ्यापाशी, म्हणजे काखेच्या पुढे, कपड्याला घडी पडणारच. ती पडलीच पाहिजे. तेवढा कपडा तिथे जास्तीचा ठेवलेला असतो म्हणून तर बाईला हात वर करता येतो, केस बांधता येतात, पोराला उचलून घेता येतं. फोटोत ती घडी पुसून टाकतात. शिवाय शूटिंगच्या वेळी पाठीमागून कपड्याला क्लिपा लावून ताणून घेतात, समोरून दिसत नाही, हे आमच्या लाइनमधे सगळ्यांना माहीत असतं पण गिऱ्हाइकाला कोण सांगणार.

मग ट्रायलला मुलगी आरशासमोर उभी राहते, घडी बघते आणि म्हणते मावशी फिटिंग चुकलंय. मी समजावते, बाय, हात वर कर, आता खाली कर, बघ, सगळ्यांनाच येते ती, माझ्या अंगावरच्या ब्लाउजला पण आहे. ती माझ्याकडे बघते, स्वतःकडे बघते आणि तिला पटतं की शिवण बरोबर आहे. आणि मग ती काय म्हणते माहितीये, म्हणते म्हणजे माझाच दंड जाड आहे. हे वाक्य मी इतक्या मुलींच्या तोंडून ऐकलंय की आता ऐकलं की पोटात गोळा येतो. फोटो खोटा असेल असं एकीच्याही मनात पहिल्यांदा येत नाही. आधी टेलर चुकली, टेलर नाही चुकली तर मग माझं शरीर चुकलं.

माप घेताना श्वास रोखून पोट आत घेणं तर आता सगळ्याच करतात. मी टेप धरून गप्प उभी राहते, बोलत राहते, कॉलेजचं विचारते, आईचं विचारते, मग नकळत श्वास सुटतो आणि तेव्हा आकडा लिहून घेते. काही जणी मागे वळून वहीत बघतात किती लिहिलं. एक मुलगी तुळशीच्या लग्नानंतरच्या एका मुहूर्तासाठी ब्लाउज शिवायला आली होती, स्वतःचंच लग्न होतं तिचं. आम्ही आत दोन्ही बाजूंना मार्जिन ठेवतो, म्हणजे पुढे अंग भरलं, बाळंतपण झालं की उसवून वाढवता येतं, सगळ्या टेलर ठेवतात. ती म्हणाली मावशी मार्जिन ठेवू नका, कापून टाका, म्हणजे परत जाड व्हायची सोयच राहणार नाही. तिची छाती होती बत्तीस. मी तिला म्हटलं लग्नाचा ब्लाउज आहे, जन्मभर ठेवशील, राहू दे. तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बरोबर तिची आई होती ती मला म्हणाली रात्रीचं जेवत नाही हो ही दोन महिने झाले, तुम्ही तरी सांगा. मी काय सांगणार. मार्जिन मात्र ठेवलं, तिला न सांगता.

माझ्या मापाच्या वहीत शेकडो बायकांची मापं असतील. त्या वहीवरून मी छातीठोकपणे सांगते की दोन बाजू सारख्या असलेली एकही बाई मी बघितलेली नाही. उजवा खांदा खाली असतो कारण आयुष्यभर पिशवी त्याच खांद्याला. एक छाती दुसरीपेक्षा थोडी मोठी असते, बहुतेकींची. ज्या बायका बाजारात बसतात, मासळी विकतात, त्यांची पाठ रुंद असते. शाळेतल्या बाईंचा फळ्यावर लिहिणारा हात जाड असतो. कोणाची कंबर चोवीस आणि सीट, म्हणजे कमरेखालचा घेर, अडतीस, कोणाची कंबर आणि सीट जवळपास एकच. हे सगळं नॉर्मल आहे, आमचं सगळं कटिंगच त्यासाठी आहे, टक्स, म्हणजे कपड्याला आकार द्यायला घातलेल्या चिमट्या, कशासाठी घालतात, प्रिन्सेस कट, म्हणजे छातीवरून खाली जाणारी वळणदार शिवण, कशासाठी असतो, शरीर वेगवेगळं असतं म्हणूनच ना. फोटोत मात्र सगळ्याजणी एकाच मापाच्या. दोन्ही खांदे सारखे, दोन्ही बाजू सारख्या, जणू एकच बाई चेहरा बदलून सगळ्या जाहिराती करतेय.

आणि हे आता मोठ्या मॉडेलपुरतं राहिलेलं नाही. मी शिवलेला ब्लाउज घातलेली एक नवरी लग्नानंतर अल्बम दाखवायला आली होती. बाहीवर मी स्वतः हाताने मण्यांच्या ओळी लावल्या होत्या, तीन रात्री बसून, त्यामुळे ती बाही मी झोपेत पण ओळखीन. अल्बममधे दंडाच्या बाहेरच्या कडेची ओळ गायबच आणि तिच्या शेजारचे मणी लांबट झालेले, तांदळासारखे. दंड आत ढकलला म्हणून. रंगही दोन शेड वर गेलेला, हळदीच्या फोटोत तर मुलगी ओळखू येत नव्हती. मी विचारलं तू सांगितलं होतंस का असं करायला. नाही म्हणाली, पॅकेजमधेच असतं. मग थोड्या वेळाने म्हणाली, सासरी सगळ्यांना अल्बम आवडला पण मला तो बघावासा वाटत नाही कारण तिथे सगळ्यांना दिसतं की मी कशी असायला हवी होते. स्वतःच्याच लग्नाच्या अल्बमविषयी बोलत होती ती. तिला न विचारता कोणीतरी तिचं शरीर दुरुस्त केलं आणि त्याचे पैसे पण घेतले.

या विषयावर मी जमेल तसं वाचायला लागले. भाचा लिंक पाठवतो, काही लायब्ररीतून वाचलं. फिजी बेटांवरचा एक अभ्यास आहे तो मला सगळ्यात जास्त लागला. अ‍ॅन बेकर नावाच्या हार्वर्डच्या डॉक्टर-संशोधक तिथे नाड्रोगा भागात काम करत होत्या. फिजीमधे भरलेलं अंग चांगलं मानायचे, कोणी बारीक झालं तर घरचे काळजी करायचे. 1995 मधे तिथे टीव्ही आला. तेव्हा शाळकरी मुलींना विचारलं तर वजन कमी करायला मुद्दाम उलटी काढणारी त्यात एकही नव्हती. 1998 मधे त्याच भागातल्या तशाच वयाच्या मुलींना परत विचारलं तेव्हा 11.3 टक्के मुली ते करत होत्या. तीन वर्षांत. मुली स्वतः सांगत होत्या की टीव्हीवरच्या बायकांसारखं दिसायचंय. 2002 मधे हे ब्रिटनच्या मानसोपचाराच्या मासिकात छापून आलं.

हे वाचताना मला आमच्या सासूबाई आठवल्या. कोणाची सून माहेराहून परत आली की त्या कौतुकाने म्हणायच्या अंगान भरली गो, आणि ते ऐकून ती मुलगी खूश व्हायची. आज हेच वाक्य कोणा मुलीला म्हणून बघा. इथे गोव्यात सुद्धा हे बदललं, आमच्या डोळ्यांदेखत बदललं, फक्त ते मोजायला कोणी आलं नाही.

आणि फिजीला तेव्हा फक्त टीव्ही होता. आता फोन आहे आणि फोनचा कॅमेराच कित्येकदा ब्युटी मोड लावून येतो, मुलगी सेल्फी काढते तर गाल गुळगुळीत, डोळे मोठे, हनुवटी निमुळती. म्हणजे पूर्वी दुसऱ्याच्या एडिट केलेल्या फोटोशी तुलना व्हायची, आता स्वतःच्याच फोटोशी होते. गूगलने 2020 मधे ठरवलं की आपल्या पिक्सेल फोनवर चेहऱ्याचं रिटचिंग, म्हणजे फोटो आतून बदलून सुधारणं, आपोआप चालू असणार नाही, ज्याला पाहिजे त्याने स्वतः चालू करायचं, कारण न सांगता चालू ठेवलेले फिल्टर मनावर परिणाम करतात. 2021 मधे फ्रान्सिस हॉगेन या फेसबुकमधे काम केलेल्या बाईने कंपनीचे आतले कागद बाहेर आणले, त्यात इन्स्टाग्रामच्या स्वतःच्याच लोकांनी लिहून ठेवलेलं होतं की दर तीन टीनएज मुलींमागे एकीच्या बाबतीत आपण शरीराबद्दलचा त्रास आणखी वाढवतो. कंपनीला माहीत होतं. आमच्यासारख्या आयांना, मावशांना, टेलरना माहीत नव्हतं.

काही देशांनी कायदे केलेत. इस्रायलने 2012 मधे केला आणि 2013 पासून लागू झाला, मॉडेलला बारीक दाखवायला फोटो बदलला तर जाहिरातीवर तसं लिहायचं, शिवाय मॉडेलचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 18.5 च्या खाली असेल तर तिला काम द्यायचं नाही. फ्रान्समधे 1 ऑक्टोबर 2017 पासून जाहिरातीत शरीर बारीक किंवा जाड केलं असेल तर रिटच केलेला फोटो आहे असं छापावं लागतं, नाही छापलं तर 37,500 युरो दंड. नॉर्वेमधे 1 जुलै 2022 पासून जाहिरातीसाठी फोटो टाकणाऱ्या इन्फ्लुएन्सरना पण तोच नियम लागू झाला, शरीराचा आकार, साइज किंवा त्वचा बदलली तर सरकारने ठरवून दिलेलं लेबल लावायचं. ब्रिटनमधे तर 2011 मधेच तिथल्या जाहिरात नियंत्रण संस्थेने ज्युलिया रॉबर्ट्सच्या फोटोची एक मेकअपची जाहिरात बंद पाडली होती, कारण त्या मेकअपमुळे चेहरा असा दिसतो की कॉम्प्युटरमुळे ते कंपनीला दाखवता आलं नाही. तक्रार कोणी केली होती तर जो स्विन्सन नावाच्या एका खासदार बाईंनी. आमच्याकडे कुठल्या आमदाराने असा विषय कधी हातात घेतल्याचं मला तरी आठवत नाही.

पण खरं सांगायचं तर मला लेबल पुरेसं वाटत नाही. ऑस्ट्रेलियात फ्लिंडर्स युनिव्हर्सिटीच्या मरिका टिगमन आणि त्यांच्या बरोबरच्या लोकांनी यावर बरेच प्रयोग केले, मुलींना लेबल लावलेले आणि न लावलेले फोटो दाखवले. लेबल वाचून मुलींना स्वतःबद्दल बरं वाटलं असं काही झालं नाही. उलट फोटोत अमुक भाग बदललाय असं नेमकं लिहिलं तर नजर त्याच भागावर जास्त जाते असं दिसलं. मला हे लगेच पटलं. माझ्या दुकानातल्या मुलीला मी फोटो झूम करून वाकडी चौकडी दाखवते, ती म्हणते हो मावशी एडिट आहे, आणि मग परत म्हणते पण मला असंच पाहिजे. डोक्याला कळतं, डोळ्यांना जे रोज दिसतं ते राहतं. म्हणून माझं म्हणणं असं आहे की छापल्यावर खाली बारीक अक्षरात कबुली देऊन भागत नाही, शरीर मुळात बदलायचंच नाही.

आमच्या देशात नॉर्वे-फ्रान्ससारखा कायदा नाही. जाहिरातवाल्यांचीच एक संस्था आहे, ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया, 1985 पासून आहे. त्यांनी 2014 मधे गोरेपणाच्या क्रीमसाठी नियम केले की सावळ्या माणसाला दुःखी, मागे पडलेलं असं दाखवायचं नाही. 2022 मधे आणखी नियम केले, त्यात कोणाचं शरीर ठरलेल्या सुंदरपणात बसत नाही म्हणून त्याला प्रेमात किंवा समाजात अपयश येतं असं दाखवू नका असंही आहे. चांगलं आहे. फेअर अँड लव्हली नाव 1975 पासून होतं ते 2020 मधे बदलून ग्लो अँड लव्हली झालं. नाव गेलं पण रंग काही गेला नाही, कारण जाहिरात गोष्ट काय सांगते ते हे नियम बघतात, पण फोटोतली कंबर किती इंच कापली आणि रंग किती शेड वर नेला ते कोणी बघत नाही.

तुमच्याच पेपरचं उघडून बघा. वाढदिवसाच्या शुभेच्छांची पानं असतात, नेत्यांचे चेहरे असे गुळगुळीत की वयाची साठी कुठे गेली कळत नाही. तेच फोटो पर्वरीच्या हायवेवर, म्हापशाच्या बाजाराबाहेर, आमच्या फोंड्याच्या बसस्टँडवर फ्लेक्स होऊन लागतात. पण मला सगळ्यात जास्त टोचतात त्या श्रद्धांजलीच्या जाहिराती. पुण्यस्मरणाला आजीचा फोटो देतात आणि तिला गोरी करतात. आयुष्यभर उन्हात भाताची लावणी केलेली बाई, तिच्या कपाळावरच्या रेषा, गालावरचा तीळ पुसून टाकतात. नातवंडं तो फोटो फ्रेम करून भिंतीवर लावणार. तीळ नातीच्या गालावर पण असेल तर तिला कसं कळणार की तो आजीकडून आलाय.

मुलग्यांचं पण सांगते, माझ्याकडे मुलगे येत नाहीत त्यामुळे जवळून माहीत नाही, पण भावाचा मुलगा अकरावीत आहे आणि दिवसाला सहा-सात अंडी आणि डब्यातली पावडर खातो, फोनवर पोटाचे कप्पे मोजत बसतो. ते कप्पे सुद्धा सावली गडद करून काढलेले असतात हे त्याला भाच्याने दाखवलं तेव्हा कुठे जरा शांत झाला.

लोक म्हणतात मेकअप पण खोटाच की, मग पावडर पण लावू नका. मी पण म्हणते थोडीफार सफाई चालू दे. डिझायनिंगवाले एक साधा हिशोब धरतात तो मला पटतो, जे दोन आठवड्यांत आपोआप जाणार आहे ते पुसलं तर चालतं, म्हणजे पुटकुळी, डास चावलेला, ओरखडा. जे त्या माणसाचं कायमचं आहे त्याला हात लावायचा नाही, म्हणजे हाडं, अंगाची ठेवण, रंग, तीळ, पोटावरच्या बाळंतपणाच्या खुणा. मेकअप त्या बाईने स्वतः लावलेला असतो आणि रात्री धुतला की तिला तिचा चेहरा परत मिळतो. एडिटिंग तिच्या पाठीमागे होतं. झेंडाया म्हणून अमेरिकेतली नटी आहे, 2015 मधे ती एकोणीस वर्षांची होती तेव्हा एका मासिकाने तिची कंबर आणि मांड्या बारीक केल्या, तिने दोन्ही फोटो शेजारी शेजारी टाकून लोकांना दाखवलं की खरी मी ही आहे, आणि मासिकाला फोटो मागे घ्यावे लागले. ती एवढी प्रसिद्ध म्हणून तिला ते करता आलं. कुणबी साडीतल्या त्या मॉडेलला करता येईल का? पुढचं काम मिळेल का तिला?

दुसरं म्हणतात लोकांनाच असे फोटो आवडतात. अहो लोकांना दुसरं दाखवलंय कधी. अमेरिकेत एरी नावाच्या आतल्या कपड्यांच्या ब्रँडने 2014 मधे मॉडेलचे फोटो रिटच करणं थांबवलं, त्यांचं दुकान काही बंद पडलं नाही, उलट धंदा वाढला. गेटी इमेजेस ही जगभर फोटो विकणारी कंपनी आहे, त्यांनी पण 2017 मधे सांगितलं की मॉडेलला बारीक किंवा जाड दाखवायला आकार बदललेले फोटो आम्ही घेणार नाही. म्हणजे करता येतं.

आणि आता तर एआय आलंय. अमेरिकेच्या व्होग या फॅशनच्या मासिकात 2025 च्या ऑगस्टच्या अंकात गेस या कपड्यांच्या कंपनीची जाहिरात आली, त्यातली बाई मुळात जन्मलेलीच नव्हती, कॉम्प्युटरने बनवलेली. माझ्याकडे पण आता असले फोटो यायला लागलेत, पाठ पूर्ण उघडी आणि ब्लाउज कशाच्या आधाराने उभा आहे तेच कळत नाही, ना गाठ ना हुक ना शिवण. मी विचारते बाय ह्याची शिलाई कुठे आहे दाखव मला. तिला सापडत नाही आणि मलाही सापडत नाही. असा कपडा शिवता येत नाही हे मी सांगू शकते, पण असं शरीर पण नसतं हे तिला कोण सांगणार, कारण जिथे तिथे तेच दिसतं. निदान आधी एक खरी मुलगी असायची जिची कंबर कापायचे, आता तीही नको झालीय त्यांना.

संपादक साहेब, कायदा दिल्लीत होईल तेव्हा होईल, त्याची वाट बघत बसायला माझ्याकडे येणाऱ्या मुलींना वेळ नाही. तुमच्या हातात जे आहे तेवढंच मागते. पहिली गोष्ट, तुमच्या स्वतःच्या पुरवण्यांमधे, महिलांचं पान असू दे, गणेश चवथीची पुरवणी असू दे, स्थानिक मुलींच्या मुलाखती असू देत, कोणाच्याही शरीराचा आकार आणि रंग बदलणार नाही असं एकदा पहिल्या पानावर जाहीर करा. जाहिरातीच्या फॉर्मवर एक ओळ वाढवा, फोटोतल्या व्यक्तीचं शरीर बदललेलं नाही अशी, आणि त्याच्याखाली जाहिरातदाराची सही घ्या. जो सही देणार नाही त्याची जाहिरात परत पाठवा म्हणायला मला संकोच वाटतो, जाहिरातींवरच पेपर चालतो हे कळतं, पण निदान महिलांच्या पानावर तरी ती घेऊ नका. श्रद्धांजलीचे फोटो तुमच्या ऑफिसात जर कोणी साफ करत असेल तर त्याला सांगा की घरच्यांना विचारल्याशिवाय रंगाला हात लावू नको.

आणि शाळांसाठी एक सुचवते. तुमच्या पेपरच्या वतीने हायस्कुलांमधे कार्यक्रम होतातच, चित्रकला स्पर्धा, वक्तृत्व. त्यात एक तास डिझायनिंगचं काम करणाऱ्या कोणालातरी न्या आणि मुलांच्या समोर स्क्रीनवर एका फोटोचं दुसरं रूप करून दाखवा, दहा मिनिटं पण लागत नाहीत. आठवी-नववीच्या मुलामुलींनी ते होताना डोळ्यांनी बघायला पाहिजे, लेबल वाचून होत नाही ते कदाचित त्याने होईल. भाचा फुकट यायला तयार आहे, मी विचारून ठेवलंय. मी पण येईन माझी टेप घेऊन, ज्या मुलींना यायचं असेल त्यांना त्यांचे दोन्ही खांदे मोजून दाखवीन.

पत्र लांबलं त्याबद्दल राग मानू नये. जागेअभावी कापायचं असेल तर परदेशातल्या कायद्यांचं कापा पण दुकानातलं राहू द्या.

आपली नेहमीची वाचक,
एक लेडीज टेलर, फोंडा